अडतीस पार्सले

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
शर्टाचे बटण शिवत होतो. सुई मोडली. घरात दुसरी नाही. फोनवर पाहिले — सुयांचे पाकीट तीसला, ते पोहोचवायचे चाळीस! खाली पट्टी होती: ‘सभासद व्हा. सगळी पार्सले फुकट घरपोच. पहिले तीस दिवस मोफत.’ दाबले. बारीक अक्षरेही वाचली. ३ नोव्हेंबरला वर्षाचे १,४९९ आपोआप कापले जातील. त्याआधी ठरवायचे. दुसरा शर्ट घालून कामाला गेलो.

७ ऑक्टोबर
सुया आल्या. पार्सलवाले काका — पिकलेल्या मिशा, खांद्यावर पोते — चार जिने चढून आले. दारात माझे पूर्ण नाव मोठ्याने वाचले, वडिलांच्या नावासकट. कामावर मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. पूर्ण नाव किती दिवसांनी ऐकले! “आकडा सांगा.” फोनवर आलेला आकडा सांगितला. “बरोबर.” आणि गेले.
या खोलीचे दार कोणी वाजवण्याची अकरा महिन्यांतली ही दुसरी वेळ. पहिली घरमालकाची, भाड्यासाठी.

९ ऑक्टोबर
हिशेब केला. १,४९९ भागिले ४० = ३७.४७५. म्हणजे वर्षाला अडतीस पार्सले मागवली तरच पैसे वसूल. मला वर्षभरात काय लागते त्याची यादी केली. ताणून ताणून सतरा. बाकीचे कोपऱ्यावर मिळते. नको. निकाल लागला.
फ्लेक्सच्या दुकानात मी फलकांवरचा मजकूर टाइप करतो. शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकत नाही. तिथल्या छपाईच्या मशीनवाल्याने माझा हिशेबाचा कागद पाहिला. “अरे मास्तर, पोरगी बघतानासुद्धा कुणी एवढी आकडेमोड करत नाही! चौदाशेसाठी मरतोयस का?”
“चौदाशे नव्याण्णव,” मी म्हणालो. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

१४ ऑक्टोबर
साबण आला.

१६ ऑक्टोबर
कंगवा. काका म्हणाले, “परवा साबण, आज कंगवा. एकदम मागवलं असतं तर?”
“गरज पडेल तसं मागवतो.”
“मागवा, मागवा. तुमचे जिने माझ्या गुडघ्यांना पाठ झालेत.”
पाणी विचारले. उभ्या उभ्या अर्धा ग्लास प्यायले. “एकटेच?” “हो.” “बरंय. भांडायला कोणी नाही.”
खरे लिहितो — साबण आणि कंगवा मी एकाच वेळी निवडले होते. मुद्दाम वेगवेगळे मागवले. इतर कुठे सांगण्यासारखे नाही म्हणून इथे. त्यांचे गुडघे झिजवून माझे दार वाजवून घ्यायचे! लाज वाटली.

२१ ऑक्टोबर
टाचण्या मागवल्या. टाचण्यांची गरज नाही.

२४ ऑक्टोबर
टाचण्या आल्या. काका आले नाहीत. फोनवर नुसता निरोप: ‘पार्सल खाली मीटरच्या पेटीवर ठेवले आहे.’ जाऊन घेऊन आलो. काकांचा भाग बदलला म्हणे, घरमालक सांगत होता.
आता तर नकोच.

रविवार, २६ ऑक्टोबर
रद्द करायला बसलो. ‘खरंच जाता?’ अशी पाटी आली. तिच्याखाली: ‘याच पैशांत घरातील आणखी एका व्यक्तीला जोडा.’ म्हणजे १,४९९ भागिले दोन = ७४९.५०. प्रत्येकी पार्सले एकोणीस. सतराच्या किती जवळ! आणखी काही सवलत निघते का ते पाहायला एक नंबर आणि नाते घालावे लागत होते. मला पाठ असलेला नंबर एकच. ताईचा. नुसते घालून पाहिले. पुढच्या पानावर हिशेब दिसेल असे वाटले.
हिशेब नव्हता. ‘निमंत्रण पाठवले आहे.’
तिच्या फोनवर जे जाते त्याचा नमुना खाली होता — ‘तुमच्या भावाने तुम्हाला आपल्या घरातील व्यक्ती म्हणून जोडले आहे.’
आई गेल्यावर मला ताईने वाढवले. तिच्या लग्नानंतरही तिच्याकडेच राहत होतो. गेल्या नोव्हेंबरात भाऊजी स्वयंपाकघरात तिला म्हणाले, “हा काय जन्मभर इथेच राहणार का?” मी भिंतीपलीकडे होतो. ती काय म्हणते ते ऐकायला थांबलो. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खोली शोधली. नंतर तिचे तीन फोन आले. उचलले नाहीत. मग यायचे थांबले.

२८ ऑक्टोबर
उत्तर नाही.

३० ऑक्टोबर
मदत केंद्राला फोन केला. बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही रद्द केलंत की जोडलेल्या व्यक्तीलाही कळवलं जातं.”
“काय कळवता?”
त्यांनी वाचून दाखवले — ‘तुम्हाला या घरातून काढण्यात आले आहे.’
“शब्द बदलता येतील का?”
“नाही सर.”
मशीनवाल्याला सांगितले. तो म्हणाला, “मग ताईला फोन लाव ना, शहाण्या!”
“काय बोलू?”
“का, मजकूर लिहून देऊ? टाइप करशील?” सगळे हसले. मीही हसलो.
दुपारी तीनदा नंबर लावला. वाजायच्या आत तोडला.

२ नोव्हेंबर
उद्या कापतील. रद्द केले तर १,४९९ वाचतात आणि ते वाक्य तिच्याकडे जाते. ती विचारणार नाही, खुलासा मागणार नाही. खरे मानेल. मी तरी दुसरे काय केले? एका वाक्यावर घर सोडले — तेही मला म्हटलेले नव्हते!
काही दाबले नाही. फोन पालथा ठेवला.

सोमवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
ताईने निमंत्रण स्वीकारले. निरोप नाही, फोन नाही. फक्त माझ्या यादीत तिची मागणी दिसते आहे — कपड्यांचे चिमटे, एक डझन. पत्ता तिचाच. खाली पोहोचवणाऱ्यासाठी तिने लिहिले आहे: ‘बेल वाजवू नका. बाळ झोपलेलं असतं.’
बाळ!

सभासदत्व १,४९९. सुया ३०. साबण ४५. कंगवा २५. टाचण्या २०. एकूण खर्च १,६१९.
मामाकडून देणे: बाळाला काय लागते ते ताईला विचारून लिहीन. नंबर लावला आहे. तिकडे फोन वाजतो आहे.