गल्लीवरची खोली

लामू (केनिया), ४ मार्च १९८७

चि. फमाऊस, अनेक आशीर्वाद.

खजूर पोचले. हसू नकोस, पण मी मोहल्ला मंडळाची चिटणीस झाले आहे. गेले होते गटार तुंबल्याची तक्रार घेऊन. निवृत्त मास्तरीण दिसताच सगळ्यांनी पेनच हातात दिलं.

आता खरं काम. आपलं घर आणि बी झैनाचं घर जोडणारी गल्लीवरची खोली तडकली आहे. वासे वाळवीने खाल्ले. तीन महिन्यांत दुरुस्त करा, नाहीतर पाडू, अशी नगरपालिकेची नोटीस आहे. चुना, वासे, गवंडी सगळं मंडळ देईल. पण दोन्ही घरांची संमती हवी आणि बी झैनाकडच्यांनी तेव्हा त्यांच्या बाजूचं दार बुजवून बांधलेली भिंत फोडायला हवी. बी झैना म्हणते, लग्नाला आठ दिवस असताना जो माझ्या लेकीला, नुरूला टाकून पळाला, त्याच्या सहीशेजारी माझा अंगठा उठणार नाही.

तिला दोन ओळी लिही, बाबा. वीस वर्षांत मी तुला कारण विचारलं नाही, आताही विचारत नाही.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई, म्वानाएशा

मस्कत, २१ मार्च

ती. ताईस, सलाम व विनंती विशेष.

चिटणीसबाई, अभिनंदन! लहानपणी माझ्या पाढ्यांवर लाल रेघा मारायचीस, आता अख्ख्या मोहल्ल्यावर मार.

सही केलेला कागद सोबत आहे. बी झैनाला मात्र लिहिता येणार नाही. लिहायला बसलो तर जे सांगावं लागेल, त्यातलं अर्धं माझं नाही. खोली पडली तर पडू दे. अब्बांनी तोंड दाखवू नकोस म्हटलं तेव्हाच माझ्यापुरतं ते घर पडलं.

गुडघ्याला तेल लाव. राग धरू नकोस, एवढंच मागतो.
तुझा फमाऊ

लामू, १९ एप्रिल

चि. फमाऊ, अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त माफी.

मागल्या आठवड्यात शुक्रवारी आपल्या ओट्यावर सभा झाली. बी झैनाने तुझा कागद हातातसुद्धा घेतला नाही. मला राहवलं नाही. ‘त्यातलं अर्धं माझं नाही’ हे तुझं वाक्य मी मोठ्याने वाचलं.

बायकांमधून नुरू उठली. आता ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिला कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी अडखळली. म्हणाली, लग्न मोडायला मीच त्याच्या पाया पडले होते, ह्याच खोलीत. मला मोंबासाला शिकायला जायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर बापाने कोंडून घातलं असतं. तो म्हणाला, बदनामी माझी होऊ दे. तोंड उघडायचं धाडस मला आजवर झालं नाही.

बी झैना उठून घरी गेली. तीन दिवस दार बंद. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तर वरून धपधप आवाज. धावत गेले. गवंडी यायच्या आधीच म्हातारी मुसळाने भिंत फोडत होती! भोकातून वाकून आली, चुन्याने पांढरी झालेली. पलंगावर बसली आणि म्हणाली, बापाच्या मयतीलासुद्धा पोराला येऊ दिलं नाही गं आपण. मग खूप रडली. अंगठा दिला.

आणि मी? कारण विचारलं नाही, ह्याचा मला मोठा अभिमान होता. खरं सांगते, विचारलं नाही कारण तूच दोषी आहेस हे मी मनात ठरवून टाकलं होतं. फमाऊ, मी तुझी बहीण असून!

पुढच्या महिन्यात वासे चढवायचे आहेत. माणसं कमी आहेत.

रागावायचा हक्क तुझा. तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

मस्कत, ६ मे

ती. ताईस, सलाम.

तुझं पत्र बंदरावरच उघडलं. मग काम झालं नाही.

नुरूला सांग, मी तिच्यावर कधी रागावलो नाही. तूही रडत बसू नकोस. एक प्रश्न विचारायचा राहिला तेवढा राहिला, आता समोर बसून शंभर विचार.

आज रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘घरदुरुस्ती’ लिहिलं. साहेब चमकले. म्हणाले, इतकी वर्षं इथे आहेस, तुला घर आहे हे कधी बोलला नाहीस!

आहे म्हटलं, साहेब.

भेटीपर्यंत असाच जीव लाव.
तुझा फमाऊ