उंच ग्लासातलं पाणी

तुंगार्ली, लोणावळा
८ सप्टेंबर २०२५

चि. नूर हीस आपाच्या दुआ व अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. शनिवार-रविवार बंगल्यात पुण्याचे अठरा पाहुणे होते, त्यामुळे आज सकाळपासून मी आणि रतनबाई चादरी धुतोय. आम्हा नवराबायकोत फोन एकच, याह्यांचा, तो बंगल्याच्या बुकिंगच्या कामाला लागलेला असतो आणि तुझ्या फोनवर बोलायला गेलं की अरफा कान देऊन बसते. म्हणून तुझ्या नवऱ्याच्या हाती हे पत्र देते. इब्राहिम रोज लोणावळ्याला कामाला येतोच. पाकीट नीट चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर त्यालाच विचार.

आता मुद्द्याचं. इथे पाहुण्यांच्या गाण्याबजावण्यात माझ्या अरफाला दुसरीचं पुस्तक धड वाचता येणार नाही, म्हणून जूनपासून तिला तिच्या खालाकडे, म्हणजे तुझ्याकडे वराळ्याला ठेवली. आता वाचते, याचा आनंद आहे. पण या खेपेला घरी आली तेव्हा तिने तीनचा पाढा म्हटला आणि मी कबूल केलेल्या बांगड्या पुढे केल्या, तर म्हणाली की नको, शिकण्यासाठी काही घ्यायचं नसतं. सात वर्षांची पोर बांगड्या नको म्हणते? मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. रतनबाई पिळे घालता घालता म्हणाली, "तुमची भन पोरीला शिकवत न्हाई, पोरीवर शिकतीय." मी तिला गप्प केलं, पण ते वाक्य काही गप्प बसेना. तिचं तू नक्की काय चालवलंयस?

लोभ आहेच, खुलासाही असावा.
तुझी आपा, जैनब


वराळे
१२ सप्टेंबर २०२५

ती. आपास नूरचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट शाबूत होतं, पण तू त्यात काय लिहिलंस हे मी सांगत नाही म्हणून इब्राहिम दोन दिवस फुगून बसलेत.

रतनबाईंना आमच्या डी.एड. कॉलेजात शिकवायला बोलवायला हवं. त्या निम्म्या खऱ्या आहेत. सहा वर्षं मी बालवाडीत नुसती गाणी म्हणून घेतली; मूल शिकतं कसं, हे या वर्षी पहिल्यांदा पुस्तकात वाचतेय. मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस नव्हे. त्याचा विचार पायऱ्यांनी बदलतो. पसरट वाटीतलं पाणी त्याच्यासमोर उंच ग्लासात ओतलं, तर लहान मुलाला ते वाढलंसं वाटतं. वय झालं की पाणी तेवढंच आहे हे त्याचं त्यालाच कळतं. बक्षिसांचंही तसंच. आवडीने चित्र काढणाऱ्या मुलाला दर चित्रामागे चॉकलेट देत जा. चॉकलेट थांबलं की चित्रही थांबतं. आठव, कुराणातली सुरा पाठ झाली की अब्बा तुला पेरू द्यायचे. पेरूचा हंगाम संपला की तुझं पाठांतरही संपायचं.

आम्हाला एका मुलाचं सहा महिने निरीक्षण करून फाइल द्यायची असते. मी अरफाला घेतलंय. बांगड्या ठेवून दे, ईदेला दे. पाढ्याच्या बदल्यात देऊ नकोस, एवढंच.

याह्याभाईंना सलाम. राग नसावा.
तुझी नूर


तुंगार्ली
२३ सप्टेंबर २०२५

नूर, दुआ. वि. वि.

काल दाढ दाखवायला तळेगावला आले होते, तशीच पुढे तुझ्याकडे आले. तू कॉलेजात होतीस. शेजारच्या येसूबाईंनी तुझ्या किल्लीने दार उघडून चहा दिला. फळीवर हिरवी फाइल दिसली. उघडायला नको होती हे मला कळतं, पण मुलगी माझी आहे.

तिच्यात माझ्या पोरीला नावसुद्धा नाही. 'बालिका अ'. पुढे, 'आईचे शिक्षण सातवी. घरी बक्षिसाचे आमिष. अभ्यासास पोषक वातावरण नाही.' मी पहाटे उठून अठरा माणसांचा नाश्ता करते ते वातावरण कुठल्या रकान्यात बसतं ते कळव. आणि शेवटी, 'पाण्याच्या प्रयोगात तिन्ही वेळा चूक.'

अरफा शाळेतून आली, तेव्हा तुझ्याच ओट्यावर मी वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओतून विचारलं, वाढलं का? ती म्हणाली तेवढंच आहे, आणि वर मीच खुळी असल्यासारखी हसली. मग तुझ्या फाइलीत चूक कशी? मला एकच दिसतं. आधी पोरीला ढ लिहायचं, नंतर तू हुशार केलीस असं दाखवायचं. सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात येतंय याची लाज वाटते, पण येतंय.

दिवाळीच्या सुट्टीत तिला आणते ती कायमचीच. याह्याही हेच म्हणतात.
जैनब


वराळे
२६ सप्टेंबर २०२५

ती. आपास सलाम.

नाव लिहिलं नाही ते कॉलेजात तुमच्या घराची चर्चा होऊ नये म्हणून. आईच्या शिक्षणाचा रकाना छापलेला असतो. 'आमिष' हा शब्द मात्र माझा. तुझं पत्र वाचल्यावर तो परत वाचला आणि मलाच टोचला. त्याची माफी.

पण तीन चुका खऱ्या आहेत. जुलैत, ऑगस्टात आणि या महिन्यात विचारलं. तिन्ही वेळा तिने उंच ग्लासाकडे बोट दाखवलं. मी खोटं लिहीत नाही, आपा. उलट मला विचारायचंय, तू तिला आधी सांगून ठेवलं होतंस का? विचारताना खुणावलंस का? इब्राहिम म्हणतात, फाइल तुम्हा दोघी बहिणींची करायला हवी होती.

तिला नेऊ नकोस. जोडाक्षरं आत्ता कुठे सुटायला लागलीत. शनिवार-रविवारच्या गोंगाटात ती पुन्हा मिटतील. मी तिला विचारलंही. इथेच राहायचं म्हणाली आणि गळ्यात पडली.

उत्तराची वाट पाहते.
नूर


तुंगार्ली
२४ ऑक्टोबर २०२५

चि. नूर हीस दुआ व अ. उ. आ.

उशीर झाला. बंगला दिवाळीभर भरलेला होता आणि रागही थोडा ओसरायचा होता.

मी तिला काही शिकवून ठेवलं नव्हतं. अरफा आठ दिवस झाले इथे आहे. काल वेणी घालताना, माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून पाठमोरी बसवून, मी तिला पाण्याचं विचारलं. सहज सांगून टाकलं तिने. "पाणी तेवढंच असतं, मला माहितीय. पण उंच ग्लासात जास्त म्हटलं की खाला खूश होते आणि लिहिते." बांगड्यांचंही तेच. बक्षीस नको म्हटलं की तू पाठ थोपटतेस, म्हणून नको. म्हणजे पेरू तू दिलाच नाहीस असं नाही, नूर. तुझा चेहराच पेरू होता.

मला आधी हसू आलं. तुझी खोड मोडल्यासारखं वाटलं, खरं सांगते. मग मी मूर्खासारखं विचारलं की तुला राहायचं कुठे? तिने मान वळवून आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि म्हणाली, तुझ्याजवळ. तुला हवं ते तुला सांगितलं, मला हवं ते मला. तेव्हापासून तिच्यासमोर मला माझ्या चेहऱ्याचा भरवसा वाटत नाही.

तू खोटं लिहिलंस असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते. बाकी काय करायचं, सुचत नाही.
आपा


वराळे
२८ ऑक्टोबर २०२५

ती. आपास सलाम व वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि फाइल घेऊन बसले. चौसष्ट पानं. प्रत्येक पानावर मी समोर आहे आणि एकाही पानावर माझी नोंद नाही. शेवटच्या पानावर लिहिलं, 'बालिका बक्षिसाशिवाय शिकत नव्हती. बक्षीस निरीक्षक स्वतःच होती.' कॉलेजातल्या मॅडमनी वाचलं, आणि दुसरं मूल घेऊन नवी फाइल करायला सांगितली. करीन.

रतनबाई निम्म्या नव्हे, पुऱ्या खऱ्या होत्या. मुलगी तुझी आहे, तू ठरव. ठेव म्हणून मी आता मागणार नाही. फक्त एका शंकेने झोप उडवलीय. जेवणाच्या ताटावर पुस्तक उघडून बसणारी अरफा, तेही माझ्यासाठीच होतं का? वाचायची गोडीही पाण्यासारखीच तोंड बघून दिलेली असेल, तर मी पाच महिन्यांत तिला काहीच दिलं नाही.

लोभ ठेव, जमेल तेवढा.
नूर


तुंगार्ली
१ नोव्हेंबर २०२५

चि. नूर हीस दुआ व पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शंकेचं उत्तर माझ्याकडे आहे. ते तिला न विचारता मिळालंय, म्हणून त्यावर माझा विश्वास आहे.

परवा मी बाजाराला निघाले आणि पिशवी विसरले म्हणून मागच्या फाटकाने परत आले. अरफा पोहायच्या हौदापाशी एकटी होती. पाहुण्यांसाठी नियमांची पाटी लावलीय ना, तिच्यावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचत होती. 'व्यवस्थापन' या शब्दापाशी अडली. तीनदा तोडला, तीनदा परत पहिल्यापासून धरला, आणि सुटल्यावर कुणाकडे न बघता पुढच्या नियमावर गेली. बघायला होतं कोण? तू नव्हतीस, मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, समोर क्लोरीनचा डबा. मी चपला हातात घेऊन आल्या पावली मागे फिरले. पिशवीशिवाय बाजार केला. तिला यातलं काही बोलले नाही, तूही बोलू नकोस.

उद्या याह्या तिला वराळ्याला आणून सोडतील. एप्रिलपर्यंत तिथेच राहील, आणि शनिवारी इकडे. याह्या आधी कबूल नव्हते. पाटीचं सांगितलं तेव्हा हो म्हणाले.

आज सकाळी तिला सांगितलं की आई-अब्बांनी ठरवलंय. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग याह्यांकडे. आम्ही दोघंही चादरीची टोकं धरून खाली माना घालून घड्या करत होतो. आमची तोंडं दिसेनात, तेव्हा पाय आपटून म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." आणि चिडून आत निघून गेली. नूर, इतक्या महिन्यांत पोरीच्या तोंडून कुणालाही खूश करण्यासाठी नसलेलं असं हे पहिलंच वाक्य मी ऐकलं. याह्यांनी चादरीवरून माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दुसरी चादर उचलली.

उद्या ती फुगलेली येईल. तशीच राहू दे.
तुझी आपा