आंबिवलीची खोली उर्वीच्या एकटीच्या नावे

मी, सौ. निशिगंधा सुदेश नाखवा, वय एकोणपन्नास, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझं गर्भाशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. तरी माझ्यामागे घोळ नको. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. आंबिवलीची खोली माझ्या शिवणकामातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे. ती माझा पुतण्या मुकुल याची बायको उर्वी हिला एकटीला मिळावी. मूल झालं तरी आणि न झालं तरी. कोणी घराबाहेर हो म्हटलंच, तर तिला जायला जागा असावी.

२. माझी धाकटी जाऊ दक्षता, मुकुलची आई, हिला घुगऱ्यांचं पितळी पातेलं. मुकुलच्या बारशाला बायका पाळण्याभोवती 'कुणी गोविंद घ्या' म्हणत होत्या, तेव्हा मला आत स्टोव्हपाशी हरभरे ढवळायला बसवलं होतं. वांझेचा हात बाळाला नको म्हणून. सासूबाईंच्या पाटल्या त्याच दिवशी दक्षताच्या हातात गेल्या. त्यांवर मी हक्क सांगत नाही. पण ती कपडे वाळत घालते, भाकरी थापते, तेव्हा मी अजून तिच्या मनगटांकडे बघते. पातेल्याचा तळ आजवर मी घासला, आता तिने घासावा.

३. दोष माझ्यात नव्हता. माझे पती सुदेश वागळे इस्टेटमध्ये लोखंड तापवण्याच्या भट्टीपुढे उभे राहायचे, गालात कायम तंबाखू. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की शुक्रजंतू फार कमी आहेत आणि आहेत ते मंद आहेत. भट्टीची धग आणि तंबाखू सोडा, काही महिन्यांनी परत बघू. यांनी दोन्ही सोडलं नाही. जिना उतरताना म्हणाले, "घरी बोलू नकोस. तू सोसशील गं. मला कारखान्यात तोंड दाखवायचंय."

४. मुकुलही त्याच भट्टीवर लागला. लग्नाला दोन वर्षं होताच दक्षता शेजारणींना सांगू लागली, "दुसरी निशिगंधा आणलीय आम्ही घरात." त्याला दुसरी बघावी, असंही बोलून झालं. ती उर्वीला तपासणीला न्यायला निघाली, तेव्हा मुकुल जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, पहिली माझी टेस्ट. तिला उगाच कशाला टोचायचं?" सुदेश उठून हात धुवायला गेले. त्या दुपारी मला उर्वीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा दक्षताच्या बाळंतपणाचाही वाटला नव्हता. पुढे कितीतरी दिवस मी त्या पोरीशी धड बोलले नाही.

मुकुलचं निदान तेच निघालं. त्याने तंबाखू टाकली, भट्टी सोडून पॅकिंगला गेला. दक्षता मात्र ऐकत नाही. म्हणते, आमच्या घराण्यात पुरुषांत असलं कधी नव्हतं, खोट सुनेतच आहे.

५. सुदेश यांना मी काही ठेवत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. आणि मला साक्षीला तेच हवे आहेत.

ठिकाण: ठाणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: निशिगंधा सुदेश नाखवा

साक्षीदार:
१. समिधा भोईर, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली.
२. सुदेश नाखवा. कलम तीन वाचले. खरे आहे. मुकुलच्या आईला मी आजच सांगतो.