मधल्या माणसाशिवाय

३ जुलै
पीक आलं. प्रज्ञाच्या आलेखावर, माझ्या नाही. सपाट रेघेत मध्येच टेकाडासारखा उंचवटा. म्हणजे एन्झाइमने इलेक्ट्रोडला थेट इलेक्ट्रॉन दिला. सरांनी लॅबभर समोसे वाटले. "आता मधला माणूसच नको!"
मधला माणूस म्हणजे माझी पीएच.डी. साखर ओळखणाऱ्या या एन्झाइमचा इलेक्ट्रॉन देणारा तुकडा, फ्लेविन, प्रोटीनच्या पोटात खोल दडलेला. तिथून इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडपर्यंत पोचवणारं रसायन शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. प्रज्ञाने कार्बनच्या नळ्यांवर एन्झाइम चिकटवलं. संपलं.
हसले. अभिनंदन केलं. दोन समोसे खाल्ले.

५ जुलै
सिंदी मेघेतली भाड्याची खोली. प्रज्ञा आणि मी, एक पंखा. प्रज्ञाने गावी, गिरडला, आईला फोन लावला. "आई, पीक आलं व!"
आई स्पीकरवर. "आत्ताच तं पेरलं, पीक कुठून आलं?"
हसून हसून पोट दुखलं. मग प्रज्ञा तिला समजावत बसली, आणि ती माउली ऐकत राहिली. माझी आई वडनेरहून फोन करते ते फक्त स्थळं सांगायला.
नागपूरच्या परिषदेत बोलायला एकीलाच जागा. सरांनी नाव पाठवलं. प्रज्ञाचं.

८ जुलै
वाचत होते. सापडलं! नुसतं पीक आलं म्हणून काही सिद्ध होत नाही. फ्लेविन एन्झाइममधून सुटून नळ्यांना चिकटलं, तरी अगदी तस्संच पीक येतं. खरी परीक्षा साखरेची. नायट्रोजन सोडून आधी हवा काढायची, नाहीतर ऑक्सिजनच इलेक्ट्रॉन पळवतो. मग साखर टाकायची. करंट वाढला तर खरं.
किती दिवसांनी भूक लागली.

९ जुलै
चहा पिताना सहज विचारलं, "साखर टाकून पाह्यली का?"
"नाई व. काऊन?"
"असंच."
बोलायला हवं होतं पुढे. चहा गार झाला.

१३ जुलै, रविवार
प्रज्ञा गावी. लॅब रिकामी. फ्रिजमधला तिचा इलेक्ट्रोड घेतला. हवा काढली. साखर टाकली. रेघ हलली नाही. पुन्हा टाकली. ढिम्म.
चक्क गुणगुणत होते मी.

१६ जुलै
प्रज्ञा आरशासमोर भाषणाची तयारी करून राह्यली. आणि मी मनात बघतेय, नागपूरला मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर करतो, साखरेचं विचारतो, तिचा चेहरा पडतो. पुन्हा पुन्हा बघतेय. गोड लागतंय.
हे काय होतंय मला.

१७ जुलै
सांगितलं. कॉलेजच्या गेटजवळ, एकदाचं.
"कधी पाह्यलं तू?"
"रविवारी."
"मंग आज काऊन सांगून राह्यली?"
तिने माझ्याकडे नीट पाहिलं, समजली बहुतेक. रडेल वाटलं. नाही रडली. "चाल. माया समोर कर."
नवा इलेक्ट्रोड. हवा काढली. साखर तिनेच टाकली. रेघ सपाट. खुर्चीत बसून राहिली. सरांना तिनेच जाऊन सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.


१९ जुलै
प्रज्ञाने कुठूनसं दुसरं एन्झाइम मिळवलं. याला स्वतःचाच हात आहे, हीमचा, म्हणजे लोह असलेल्या तुकड्याचा. फळांतल्या साखरेचा इलेक्ट्रॉन तोच बाहेर काढून देतो म्हणे. मला म्हणाली, "नायट्रोजन तू सोड. तुयावर भरोसा नाई, पण तुया हातावर आहे."
सोडला. तिने साखर टाकली. रेघ वर गेली. जराशीच. खरी वाढ, की काचपात्राला धक्का लागला?
"पाह्य, पाह्य व!" तिने माझं मनगट धरलं. आणि माझ्या मनात पुन्हा नागपूरची ती मागची रांग.
"अजून एकदा टाक," मी म्हटलं.
तिने ड्रॉपर भरला. रेघ कुठे जावी असं मला वाटत होतं, ते इथेही लिहवत नाही.