वजनातलं पाणी

पनवेल,
रविवार, सकाळ

प्रिय वेणूताई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. आजवर तुला मी एकच पत्र लिहिलंय, तू लग्न होऊन पेणला गेलीस तेव्हा, आणि तेही आईने समोर बसवून लिहून घेतलं होतं. आज आपणहून लिहितोय, कारण फोनवर माझं बोलणं पुरंच होत नाही. मी मुद्द्यावर यायला लागलो की तू म्हणतेस, थांब, ह्यांच्याशी बोल, आणि फोन भाऊजींच्या हातात जातो. मग आम्ही दोघं पेणच्या उकाड्यावर आणि हायवेच्या कामावर बोलत बसतो. म्हटलं, पत्र तरी तू पूर्ण वाचशील.

जासईला काशिरामकाकांच्या नातीच्या हळदीत तू मला मांडवाच्या मागे घेऊन गेलीस आणि विचारलंस, शुगर झाली का तुला? गळ्याची हाडं दिसायला लागलीत म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं. तू एकटीच नाहीस, गावात सगळ्यांचं आईला विचारून झालंय, आणि आईला पक्कं वाटतं की दिपिका मला जेवायला घालत नाही. तर आधी हे सांगतो की शुगर नाही, दुसरंही काही नाही. वजन मी मुद्दाम उतरवलंय. गणपतीनंतर सुरू केलं तेव्हा अठ्ठ्याण्णव किलो भरत होतो. टाइल्सच्या दुकानात दिवसभर खुर्चीत बसायचं, लाद्या उचलायला माणसं, आणि दुपारी चारला समोरच्या गाडीवरचे दोन वडापाव. दुसरं काय होणार होतं? आता ब्याऐंशीच्या आसपास असतो. कधी थोडा वर, कधी थोडा खाली. ह्या वर-खाली होण्याने मला पहिले काही महिने वेड लागायचं बाकी ठेवलं होतं, ते तुला सांगायचंय.

मी आकड्यांचा काटा घेऊन आलो आणि बाथरूमबाहेर ठेवला. दिवसातून चार-पाचदा त्यावर चढायचो. सकाळी उठून, आंघोळ करून, जेवणाआधी, जेवणानंतर. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरलं. भात बंद केला होता, लोणचं-पापड बंद केले होते. मला वाटलं, हे तर सोपं आहे, दिवाळीपर्यंत काम होईल. मग एका रविवारी दिपिका आणि मी कर्नाळ्याला गेलो. वरपर्यंत चढलो, पाय लटपटत होते, तरी उतरताना काही खाल्लं नाही. सोमवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर सव्वा किलो जास्त. ताई, दिवसभर मी दुकानात लोकांवर खेकसत होतो. एवढं चढूनही जर वजन वाढणार असेल तर माणसाने करायचं तरी काय? त्यानंतर दिवाळीच्या पुढे गावात एक हळद झाली. आपल्याकडच्या हळदीचं तुला काय सांगायचं! मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या, सोबत तळलेले बोंबील. मी बेताने जेवलो, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन किलो वर. तेव्हा मी काटा पलंगाखाली ढकलून दिला आणि पंधरा दिवस पुन्हा वडापाव सुरू केले.

तो बाहेर काढला दिपिकाने. केरसुणीने ओढून काढला आणि धूळ पुसून जागेवर ठेवला. म्हणाली, "माझं दर महिन्याला त्या दिवसांच्या आधी दीड किलो वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. मी कधी काटा पलंगाखाली टाकला का?" आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होत आली आणि मला हे माहीतच नव्हतं.

पुढे एकदा माझं पोट बिघडलं. दोन दिवसांत दोन किलो गेलं. अंगात त्राण नव्हतं, पण मी इतका खूश होतो की दिपिका म्हणाली, ह्याला आता डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. चार दिवसांत ते दोन किलो परत आले, तेव्हा पुन्हा तोंड पाडून बसलो. त्याच सुमारास हॉस्पिटलात वजन दाखवायला बोलावलं होतं. आकडा चांगला दिसावा म्हणून मी आदल्या दिवशी काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा घोट-घोट प्यायलो. तिथे रंजिता मॅडम आहेत, आहार बघतात. त्यांनी काट्यावर उभं केलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, शेवटचं कधी जेवलात? मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पाण्याची अर्धा लिटरची बाटली माझ्या हातात दिली, सगळी प्यायला लावली आणि म्हणाल्या, आता परत चढा. अर्धा किलो वाढलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आत्ता माझ्यासमोर तुमच्या अंगावर अर्धा किलो चरबी चढली का?"

त्या दिवशी त्यांनी मला अर्धा तास बसवून सगळं नीट समजावलं. एक किलो चरबी अंगावर चढायला रोजच्या जेवणाखेरीज दहा-बारा भरलेली ताटं जास्तीची खावी लागतील. एका हळदीत एवढं कोणी खात नाही. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. भात-भाकरीतली साखर अंगात साठते तीही आपल्याबरोबर पाणी घेऊनच, म्हणून भात सोडला की पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं. कर्नाळ्याच्या चढाने पाय दुखले, ते भरून यायलाही शरीर पाणी साठवतं. पोटातलं न पचलेलं अन्न काट्यावर भरतं ते वेगळंच. ह्या सगळ्याखाली चरबी आपली हळूहळू उतरत असते, पण रोजच्या आकड्यात ती दिसत नाही. काट्यावर दिवसातून एकदाच चढायचं, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची. तशी बघायला लागल्यावर कळलं की ज्या दिवसांत मी तोंड पाडून बसलो होतो, त्याही दिवसांत मी थोडाथोडा उतरतच होतो.

मिठाचं ऐकून मला आपले बाबा आठवले. मिठागरावरून यायचे तेव्हा त्यांच्या पायांना पांढरे ओरखडे असायचे आणि जेवताना पहिला हात मिठाकडे जायचा. आईही त्यांच्याबरोबर मिठागरावर. घरी तू आणि मी. मला कोणाकडे ठेवायची सोय नव्हती म्हणून तू मला तुझ्याबरोबर शाळेत न्यायचीस आणि मी पळून जाऊ नये म्हणून माझ्या चड्डीची नाडी बाकाच्या पायाला बांधायचीस. बाईंनी तुला हाकललं नाही, उलट मलाही एक पाटी दिली. आमच्या धाकटीला ही गोष्ट फार आवडते. झोपताना तीच सांगायला लावते.

पण मॅडमनी सांगितलं ते मला डोक्याने कळलं होतं. खरं उमजलं ते तुझ्याबरोबर. जानेवारीत भाऊजींचा पाय मुरगळला होता आणि तुला डायलिसिसला न्यायला मी आलो होतो, आठवतंय? तोवर मी तुला भेटायला यायचो ते घरीच. सेंटरच्या आत कधी आलो नव्हतो. आत शिरल्या शिरल्या सिस्टरने तुला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून तुला झापलं. तू आदल्या दिवशी सत्यनारायणाला कोकमाचं सरबत दोन पेले प्यायली होतीस. तू लहान पोरीसारखी खाली मान घालून ऐकत होतीस. मग त्या सुया, ते मशीन, चार तास. बाहेर पडताना पुन्हा काटा. अडीच किलो कमी. गाडीत बसल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, लोकांना अडीच किलो उतरवायला दीड महिना लागतो. तू काचेला डोकं टेकून डोळे मिटले होतेस. म्हणालीस, "माजं वजन नाय उतरत रे. पानी येतं, पानी जातं. मी हाय तिथंच हाय."

घरी पोचेपर्यंत तू झोपली होतीस. मी हळू गाडी चालवत होतो आणि एकच विचार करत होतो. ज्या पाण्यावरून मी दुकानात लोकांवर खेकसत होतो, काटा पलंगाखाली टाकत होतो, ते माझं पाणी एका-दोन दिवसांत आपोआप निघून जातं. मला त्यासाठी काहीच करावं लागत नाही. हळदीतलं मीठ, सरबत, काहीही असो, आत माझ्या किडन्या, दोघी बसल्या आहेत त्या निमूटपणे काम करतात. तुझ्याकडे ते काम करणारं कोणी उरलेलं नाही. दोन पेले सरबताचे तुला चार तास मोजावे लागतात आणि वर बोलणी खावी लागतात. त्या दिवसापासून मी काट्यावर कधी चिडलो नाही. किलोभर वर दिसलं तरी चहा प्यायला बसतो. उद्या-परवा जाईल, म्हणतो.

मार्चमध्ये एकदा वजन तीन आठवडे एकाच जागी अडकलं. सरासरीसुद्धा हलेना. आधीचा मी असतो तर सगळं सोडून दिलं असतं. ह्या वेळी दुपारचे वडापाव तर बंद होतेच, संध्याकाळी दुकान कामावरच्या कल्पेशवर सोपवून तलावाभोवती जास्तीच्या दोन फेऱ्या मारायला लागलो. चौथ्या आठवड्यात पुन्हा उतरायला लागलं. एके दिवशी सकाळी दिपिकाने फोनमधली सरासरी बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून दोन किलो. मग डॉक्टर मला विचारतील ना?" मी हो म्हणालो. चार दिवस ती आपल्या कामात राहिली. पोरींना शाळेत सोडायची, यायची, घर आवरायची. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, पुढच्या वेळी मीही येते. डॉक्टरांसमोर ती तासभर बसली. पुढे मला किती जपावं लागेल, दुकानात ओझं उचलता येईल का, पोरी मोठ्या होईपर्यंत मी धडधाकट राहीन का, एकेक विचारलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. धोका कमी आहे म्हणाले, नाहीच असं म्हणाले नाहीत. परत येताना ती म्हणाली, "माझी सही मी देईन. पण वेणूताईंनी मनापासून हो म्हटलं तरच."

आता तुला सगळं कळलंच असेल. गणपतीत आरतीनंतर मी तुला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "नाय म्हंजे नाय. तुज्या पोरी लान हायत. मना तुजी किडनी नको." तुला हे माहीत नव्हतं की विचारण्याआधीच मी डॉक्टरांना भेटून आलो होतो आणि त्यांनीही मला नाही म्हटलं होतं. रक्तगट जुळतो, पण एवढ्या वजनावर पुढच्या तपासण्यासुद्धा करणार नाही म्हणाले. म्हणजे दोघांचं नाही होतं, तुझं आणि त्यांचं. त्यांचं नाही माझ्या हातातलं होतं, म्हणून आधी त्याच्यामागे लागलो. गेल्या गुरुवारी ते हो म्हणाले. अजून बऱ्याच तपासण्या आहेत, त्यात मी नापासही होऊ शकतो, पण त्या सुरू करायला तुझं रक्त लागतं आणि तुझं हो लागतं. येत्या बुधवारी तुझं डायलिसिस नसतं. मी सकाळी घ्यायला येतो, दिपिकाही येणार आहे, तिला तुझ्याशी बोलायचंय. तुला जे वाटतं ते तिच्यासमोर, डॉक्टरांसमोर बोल. भीती वाटते तर तसं सांग, आम्हालाही वाटते. आणि एवढं करूनही तू नाही म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. फक्त हे वजन मी परत चढू देणार नाही. तुला वर्ष लागो, दोन लागोत, तू हो म्हणशील त्या दिवशी मी तयार असेन.

तुझाच धाकटा,
परेश