हिरव्या बाटल्यांचा झाडू

३ मार्च. सकाळी ७.
आजपासून घरातली एकही प्लास्टिकची बाटली कचऱ्यात जाणार नाही. प्रत्येकीपासून नवी वस्तू. ही म्हणाली, आधी गॅलरीतला ढीग हलवा. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

५ मार्च.
अठरा हिरव्या बाटल्या, एक काठी. बाटल्यांच्या बारीक पट्ट्या कापून झाडू केला. बोट दोनदा कापलं. काठी जरा डुगडुगते. मनगटाला व्यायाम.

६ मार्च.
जिना झाडणाऱ्या मावशींना झाडू भेट दिला. त्यांचा जुना स्वतः टाकून आलो, उगाच मोह नको. मावशी नव्या झाडूकडे बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

९ मार्च.
मावशींना मुद्दाम विचारलं, कसा आहे? म्हणाल्या, हलका आहे. म्हणजे आवडला! ऑफिससाठी बारा करायचा विचार. लेकीने विचारलं, बाबा, मावशींना हवा होता का? हल्लीच्या मुलांना सरप्राइज कळत नाही.

१३ मार्च.
पायरी-पायरीवर हिरवे तुकडे! कोणीतरी मुद्दाम टाकतंय. दुसऱ्या मजल्यावरच्यांवर दाट संशय. ते हिरवं सरबत पितात.

१४ मार्च.
जिन्यात नोटीस लावली : 'प्लास्टिक टाकणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.' अक्षर सुरेख आलं. बिल्डिंगच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रारही दिली : सफाई नीट होत नाही. कोणाचं नाव घेतलं नाही. सफाई एकट्या मावशीच करतात हे नंतर लक्षात आलं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

१७ मार्च. सकाळी ६.
दूध आणायला लवकर उतरलो. पहिल्या मजल्यावर मावशी गुडघे टेकून, फरशीच्या फटीतले हिरवे तुकडे नखांनी वेचत होत्या. दुसरी मूठ भरलेली. म्हटलं, हे काय?
म्हणाल्या, "झाडू चांगलाय भाऊ, जरा गळतो. सेक्रेटरीसाहेब परवा फार बोलले. म्हणून तासभर आधी येते आता."
वर म्हणतात, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. किती हौसेनं केलाय."
दूध न घेताच वर आलो.

१७ मार्च. संध्याकाळी.
दुकानातून साधा झाडू आणून मावशींना दिला. नोटीस फाडली. ही म्हणाली, सेक्रेटरींना जाऊन खरं सांगा, मावशींचा काही दोष नाही म्हणावं. गेलो. दाराला कुलूप. इतकं हायसं वाटलं, की उतरताना चक्क शीळ घातली.
घरी हिने विचारलं, सांगितलंत?
हो म्हणालो.
बरं केलंत, म्हणाली. पंधरा दिवसांतलं पहिलं कौतुक. लेकीनेही पाठ थोपटली.
घास उतरला नाही.