अण्णांचे टाळ

अण्णा, परवा एकादशीला सकाळी पूजा उरकून मी वारज्याहून प्रयोगशाळेत गेलो आणि उंदराच्या मेंदूचा पातळ काप यंत्राखाली ठेवला. त्यातल्या डोपामिनच्या पेशी, म्हणजे आपलं चालणं-हलणं ज्यांच्या भरवशावर असतं त्या, आपसूक विजेचे ठोके देत राहतात. स्पीकरवर ते ऐकू येतात, संथ भजनासारखे. मग मी कापाभोवतीच्या पाण्यात मँगेनीज सोडलं. हळूहळू ठोके घाईला आले, लय सुटली. मी नुसता ऐकत बसलो. हेच मँगेनीज तुमच्या वेल्डिंगच्या धुरात होतं, आणि बंद शेडमध्ये तुम्ही तो धूर हयातभर ओढलात.

तुम्ही चवड्यांवर कोंबड्यासारखं चालायला लागलात, चेहरा लाकडासारखा झाला, हात थरथरू लागले. गावी, लोणीच्या देवळात म्होरक्यानं भजन थांबवलं. "अण्णा, तोंड उघडा." सगळ्यांदेखत त्यानं तुमच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास आला नाही, तरी म्हणाला, "येलची खाल्ली आसंल. पिणाऱ्याच्या हाती टाळ नको." तुम्ही टाळ पिशवीत घालून घरी आणलेत, ते पुन्हा बाहेर काढलेच नाहीत. आई म्हणायची, "भांडा तरी!" तुमचं एकच, "देवाला म्हाईत हाय." देवाला माहीत होतं, अण्णा. गावाला नव्हतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उंदराच्या पेशीवरून तुमच्या वडिलांचं निदान होत नाही हां."

"आणि वास न येता दारूचं होतं?"

त्यांनी रजेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "अर्धा दिवस रजा टाका आणि गावाला जा."

संध्याकाळी मी त्याच देवळात ऐन भजनात उभा राहिलो. म्होरक्या आता म्हातारा झालाय. म्हटलं, "माझे वडील कधीच प्याले नाहीत. वेल्डिंगच्या धुरानंही माणसाचं असं होतं."

"आता कशाला उकरतोस? माणूस गेला."

"माणूस गेला. तुमचा शब्द हाय की अजून."

कुणी सरकून जागा दिली नाही. मी दोघांना सरकवून मधे बसलो आणि पिशवीतून तुमचे टाळ काढले.

हे पत्र आता त्याच पिशवीत ठेवतोय. एक कबूल करतो, मला टाळ कधीच धड वाजवता आले नाहीत. रागानं हात थरथरत होते, लय सारखी चुकत होती. तरी शेवटपर्यंत वाजवले. तोंडाचा वास घ्यायला कुणी उठलं नाही.